फटफटी, वारा आणि शर्यतीचे सोंग

ज्या दांड्याला लाथ मारून इंजिन चालू करायचे, तोच दांडा पुढे वळवून पायाखाली घ्यायचा आणि त्यानेच गिअर टाकायचे, अशी सोय असलेली फटफटी तुमच्यापैकी काहींच्या घरी आजोबांच्या काळात नक्कीच असेल. ती म्हणजे जावा, आणि पुढे तिचेच देशी नाव येझदी. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियातली. यानेचेक या कारखानदाराने १९२९ मध्ये वान्डरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा व्यवसाय घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार केले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत या गाड्या बनत होत्या. कारखाना बंद पडला, पण गाड्या सहजी मरत नाहीत. शहादा, तळोदा, नवापूरच्या बाजूला गोठ्यात किंवा पत्र्याच्या छपराखाली, कापसाच्या गाठोड्यांमागे, अजूनही एखादी उभी असते.

अलीकडे अशी जुनी गाडी घेऊन तिला १९६०च्या सुमाराच्या शर्यतीच्या गाडीचे रूप देण्याची हौस वाढली आहे. हँडल खाली आणि आखूड, पायठेवण्या मागे सरकवलेल्या, बसायची जागा एकट्यापुरती व मागे उंचवटा असलेली, चिखलरोधक कापलेले आणि धूर सोडणारी नळी मोठ्या आवाजाची. ही हौस इंग्लंडमध्ये जन्मली. तिथली तरुण मुले रस्त्यावरच्या साध्या गाड्या अशा बदलून चहा-कॉफीच्या टपऱ्यांवर जमत आणि ताशी १०० मैलांचा, म्हणजे १६१ किलोमीटरचा वेग गाठण्याची स्वप्ने पाहत. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर शर्यती होत. परदेशी गाड्या आणणे तेव्हा सोपे नव्हते, त्यामुळे रस्त्यावरच्याच गाड्या उघडून, घासून, जुळवून शर्यतीला उतरवल्या जात.

आता प्रश्न असा, की या बदलांपैकी कोणते खरे आणि कोणते नुसते सोंग? त्याचे उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात आहे.

हँडलापासून सुरुवात करू. ते खाली का करायचे? गाडी सपाट रस्त्यावर एका वेगाने धावत असताना इंजिनाची बहुतेक शक्ती वाऱ्याला बाजूला सारण्यात जाते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर शक्ती आठपट! सारंगखेड्याच्या यात्रेत उमदा घोडा पाहून आपण 'काय ताकद आहे' म्हणतो. पण अश्वशक्ती हे एकक ७४६ वॅटचे, आणि जुन्या अडीचशे घनसेंटिमीटरच्या जावाकडे असे 'घोडे' होते जेमतेम बारा. त्यांतले काही साखळीत, गिअरमध्ये आणि टायरच्या घर्षणात खपतात. वाऱ्याशी झुंजायला नऊ उरले असे धरू.

ताठ बसलेल्या माणसाचे व गाडीचे मिळून वाऱ्याला अडवणारे परिणामी क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर धरले आणि हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर नऊ अश्वशक्तीत गाडी ताशी सुमारे ९५ किलोमीटरला पोचते. तोच माणूस छाती टाकीवर टेकवून, कोपरे आत घेऊन बसला आणि हे क्षेत्रफळ ०.४५ झाले, तर तीच गाडी त्याच इंजिनावर १०५ ला जाते. दहा किलोमीटर फुकट! ताठ बसून हा वेग गाठायचा असता तर नऊऐवजी बारा अश्वशक्ती लागली असती. इंजिनातून तीन अश्वशक्ती जास्त काढणे किती कठीण, हे गॅरेजमधल्या कोणत्याही मिस्त्रीला विचारा.

याची परीक्षा तुम्ही सायकलवर घेऊ शकता. गाड्यांची ये-जा नसलेला, थोडा उताराचा आणि पुढे सपाट होणारा रस्ता निवडा. ठरलेल्या खुणेपासून पायडल न मारता सायकल सोडा. एकदा ताठ बसून आणि एकदा हँडलवर वाकून. दोन्ही वेळा सायकल कुठे थांबते ते खडूने आखा. वारा पडलेल्या सकाळी पाच-पाच वेळा प्रयोग करून सरासरी काढा. एका वेळेच्या निकालावर विसंबू नका.

शर्यतवाल्यांना हे गणित फार पूर्वी कळले होते. इटलीच्या मोटो गुझी कंपनीने १९५०च्या दशकात मोटारसायकलींसाठी स्वतःचा वातबोगदा बांधला. त्या काळी पुढचे चाकसुद्धा झाकून टाकणारी, पिंपासारखी कवचे गाड्यांना बसवत. वेग वाढला, पण आडव्या वाऱ्यात ती कवचे शिडासारखी वागू लागली, आणि १९५७च्या हंगामानंतर जागतिक शर्यतींत त्यांना बंदी झाली.

खाली वाकून बसण्याची एक गंमत आहे. ताशी ९० किलोमीटरला वाकलेल्या स्वारावर आणि गाडीवर मिळून वारा सुमारे १७० न्यूटनचा, म्हणजे १७ किलो वजनाइतका रेटा देतो. त्यातला छातीवर येणारा भाग स्वाराला जणू हात देऊन सावरतो. नंदुरबारच्या बाजारातून ताशी २० ला जाताना तो हात नसतो आणि छातीचा सगळा भार मनगटांवर येतो. शिवाय हँडल आखूड झाले की तरफेचा भुजा कमी होतो आणि वळवायला जोर जास्त लागतो. म्हणजे हे हँडल सोंग नव्हे, खरे आहे. पण ते खरे ठरायला वेग लागतो.

आता त्या नळीकडे वळू. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वात सुंदर पदार्थविज्ञान तिच्यातच आहे, आणि सर्वात जास्त फसवणूकही तिच्याच नावावर होते.

जावाचे इंजिन दोन धावांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि दट्ट्या वर-खाली होताना त्या उघडतो व झाकतो. जळलेला वायू बाहेर जाण्याची खिडकी उघडी असतानाच ताजे मिश्रण आत येते; त्यातले थोडे न जळताच बाहेर निसटते. हे निसटलेले मिश्रण परत आत ढकलता आले तर? पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याचा अभियंता वाल्टर काडेन याने हे काम ध्वनिलहरीकडून करून घेतले. कड्यासमोर उभे राहून हाक मारली की प्रतिध्वनी येतो. नळीतही तसेच घडते. खिडकी उघडताच दाबाची लहर नळीतून धावते. नळी रुंदावत गेली तर परत येणारी लहर कमी दाबाची असते, ती सिलिंडरमधला धूर ओढून काढते. पुढे नळी निमुळती झाली तर परत येणारी लहर जास्त दाबाची असते. ती वेळेवर पोचली तर निसटलेले मिश्रण खिडकी बंद होण्याआधी परत आत कोंबते. म्हणून त्या नळीचा आकार मध्ये फुगलेला, दोन्ही टोकांना निमुळता.

'वेळेवर' हा शब्द महत्त्वाचा. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. धुराची खिडकी त्याच्या निम्म्याहून किंचित कमी वेळ, म्हणजे ०.००४७ सेकंद उघडी असते. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला तर तेवढ्या वेळात लहर २.४ मीटर जाते. जाऊन-येऊन म्हणून नळीची लांबी साधारण १.२ मीटर हवी. पण फेरे ३,००० वर आले की खिडकी दुप्पट वेळ उघडी राहते, नळी मात्र तेवढीच. लहर भलत्या वेळी परत येते आणि मदतीऐवजी अडथळा करते. म्हणून अशी गाडी एका विशिष्ट फेऱ्यांच्या पट्ट्यात उसळते आणि त्याखाली मरगळलेली असते. म्हैसूरच्या कारखान्याने लांब, शांत सायलेन्सर लावले ते अज्ञानाने नव्हे. त्यांना दूधवाल्यासाठी आणि शाळामास्तरांसाठी गाडी करायची होती.

काडेनने १९६१ मध्ये १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली होती. जावाच्या निम्मे आकारमान आणि शक्ती दुप्पट! त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीनंतर त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पूर्व जर्मनी सोडून निसटला आणि ही विद्या घेऊन जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेला. १९६२ मध्ये त्याने सुझुकीला ५० घनसेंटिमीटर गटाचे जागतिक विजेतेपद मिळवून दिले.

आता फसवणूक. बाजारात 'शर्यतीची' म्हणून मिळणाऱ्या अनेक नळ्या आतून नुसत्या पोकळ असतात. आवाज वाढतो, लहरींचा हिशेब नसतो. आणि नळी खरोखर जमली तर दुसरे संकट उभे राहते. इंजिन जास्त हवा ओढते. कार्ब्युरेटरचे जेट जुनेच राहिले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते. अशा इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी! दट्ट्या तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. धावत्या गाडीचे मागचे चाक क्षणात अडते. मे महिन्यात ४३ अंश तापमानाला हवा विरळ असते, १५ अंशांच्या मानाने सुमारे ९ टक्के; तेव्हा नीट वाटणारे जेट पौषातल्या गार पहाटे, दाट हवेत, कमी पडू शकते. म्हणून अशी गाडी चालवणाऱ्यांची दोन बोटे कायम क्लचच्या दांडीवर असतात.

वजन कमी करणे, मागचे दातेरी चक्र लहान बसवणे वगैरे गोष्टींत फारसे गूढ नाही. चक्र लहान केले की कमाल वेगाला वाव मिळतो, चढाला ओढ कमी पडते.

ओढीपेक्षा मला ब्रेकची काळजी जास्त वाटते. गाडी व स्वार मिळून २०५ किलो धरा. ताशी ८० ला गतिज ऊर्जा सुमारे ५१ हजार जूल. ११० ला ती ९६ हजार होते. वेग फक्त ३० ने वाढला आणि ब्रेकचे काम जवळजवळ दुप्पट झाले. ब्रेक मात्र तेच, १९६०च्या धर्तीचे ढोल. आता तोरणमाळचा घाट घ्या. गाव हजार मीटरहून उंचावर आहे. घाट उतरताना दर १०० मीटर उंचीमागे दोन लाख जूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ताशी ११० वरून दोनदा पूर्ण थांबण्याइतकी. दोन्ही चाकांच्या ढोलांतले लोखंड ३ किलो धरले आणि ही सगळी उष्णता त्यातच राहिली असे मानले, तर तापमान सुमारे १४५ अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा ढोलाला थंड करतो आणि थोडी ऊर्जा इंजिन खाते. पण दोन धावांचे इंजिन उतारावर फार कमी अडवते, हे विसरू नका. तापलेला ढोल प्रसरण पावून पट्ट्यांपासून दूर जातो, पट्ट्यांचा घर्षणांक उतरतो, आणि दांडी हँडलला टेकली तरी गाडी थांबत नाही. खऱ्या शर्यतीच्या गाड्यांचे ढोल मोठे असत आणि त्यांना हवा आत घेणारे झरोके असत. प्रतिकृतीवर अनेकदा नुसते झरोक्याचे पत्र्याचे झाकण चिकटवलेले दिसते. आत भोक नाही!

त्याच घाटात १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० ने जायचे तर गाडी २५ अंश कलावी लागते. ४० ने जायचे तर ४० अंश. दुसऱ्या बाबतीत टायर व रस्ता यांचा घर्षणांक किमान ०.८४ हवा. कोरड्या डांबरावर चांगला टायर तो देऊ शकेल. पावसाने वाहून आलेल्या बारीक वाळूवर कोणताच टायर देणार नाही.

कायद्याचेही पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला, की पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येईल. रोजच्या वापरासाठी नव्हे, प्रदर्शन आणि मेळाव्यांसाठी. चौकट किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणजे १९७० सालची जावा कापून शर्यतीची प्रतिकृती केली, की ती रस्त्यावरही अडचणीत येते आणि जुन्याचा मानही गमावते. अशा चौकटी आता कोणी बनवत नाही. नवी जावा २०१८ पासून पिथमपूरला, आपल्या सातपुड्यापलीकडच्या धार जिल्ह्यात, बनू लागली; पण ती चार धावांच्या इंजिनाची, वेगळीच गाडी आहे.

ज्यांना हौस करायचीच आहे त्यांनी चौकटीला करवत लावू नये. जे बोल्टने निघते तेवढेच काढावे: हँडल, बैठक, पायठेवण्या, चिखलरोधक. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधावी, तेलाचा हात फिरवून पेटीत ठेवावा. ब्रेकच्या पट्ट्या आणि टायर आधी, नळी सर्वात शेवटी. आणि ती वेगाने पळवायची असेल तर त्यासाठी शर्यतीचा बंद मार्ग हवा, शहाद्याचा रस्ता नव्हे.