गाडी गार पाहिजे

निपाणीच्या मेस्त्रींची पहिली तपासणी बोनेट उघडायच्या आधीच होते. ते बोनेटवर तळहात टेकवतात. पत्रा कोमट लागला तर गाडी बघायचीच नाही, मालकाला दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं. "रात्रीपासनं बंद ठेवा, मी आल्याशिवाय चालू करू नका, असं सांगतोय की आदल्या दिवशी," ते म्हणतात. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात सकाळचा धूर दिसत नाही आणि चेनची खडखडही ऐकू येत नाही. विकणारा लबाड आहे की नुसता धांदरट, या चौकशीत ते पडत नाहीत.

त्या सकाळी पत्रा गार होता. गाडी कागलची, एमएच ०९ पासिंगची, २०१६ सालची डिझेल सेडान. घेणारे निपाणीच्या एका हायस्कुलातले सर. घरात आई, बायको, दोन मुलं. दवाखाना बेळगावला आणि पाहुणे कोल्हापूरला, म्हणजे हायवे काही चुकत नाही. सरांना एकच धास्ती होती, ती टर्बोची. कुणीतरी सांगितलं होतं की जुन्या गाडीचा टर्बो गेला की खिसा रिकामा होतो.

"टर्बो आपणहून कुठं मरतंय सर," मेस्त्री म्हणाले. "आधी तेल मरतंय. जाताना त्याला घेऊन जातंय."

इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात ढकलतं, एवढंच टर्बोचं काम. पण छोट्या गाडीतला हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. बहुतेक गाड्यांत तो बॉलबेअरिंगवर नसतो, बुशात तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल उशिरा पोचलं, घट्ट झालं किंवा कमी पडलं की धातू धातूला लागतो. म्हणून टर्बोची चौकशी तेलाच्या टोपीपासून सुरू होते.

मेस्त्रींनी टोपी काढून उलटी केली, आत बोट फिरवलं. डिझेलचं तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, तेव्हा नुसत्या रंगावरून काही कळत नाही. बघायचा तो चिकटपणा. टोपीच्या आत काकवीसारखा थर बसला असेल तर ते तेल वेळेवर बदललेलं नाही, मग मीटर काहीही दाखवो. इथं थर नव्हता. पट्टीवर पातळीही बरोबर होती. सर्व्हिसचे कागद मात्र २०२१पर्यंतचेच. पुढचं सगळं "आमच्या ओळखीच्या गॅरेजात". मेस्त्री ते ऐकून घेतात, किमतीत धरत नाहीत.

मग चावी फिरवली. पहिल्या दोनतीन सेकंदांत सगळे गप्प. हे इंजिन मूळ फियाटचं, १.३ लिटरचं मल्टिजेट. मारुती, टाटा आणि फियाट, तिघांच्याही गाड्यांत ते बसलं आणि एप्रिल २०२०ला बीएस-६ प्रदूषणनियम आले तेव्हा मारुतीनं ते थांबवलं. त्यामुळे ते आता फक्त जुन्या बाजारातच मिळतं, आणि या पट्ट्यात त्याचे पार्टही मिळतात नि हातही. त्याची टायमिंग चेन गार असताना वाजली तर सावध व्हायचं. वाजली नाही.

याच इंजिनाचे दोन अवतार आहेत, हे विकणारे सांगत नाहीत. साधारण ७५ अश्वशक्तीच्या गाडीत साधा टर्बो. ९० अश्वशक्तीच्या गाडीत, म्हणजे डिझेल एर्टिगासारख्या, आतली पाती हलणारा टर्बो. दुसरा ओढायला झकास, पण गावातल्या गावात रांगत चाललेल्या गाडीत काजळी बसून पाती अडकतात. गाडी फार पळवलेली नाही, हे कौतुक मग तितकंसं कौतुक राहत नाही.

इंजिन बंद करून मेस्त्रींनी हवेचा पाइप सोडला आणि बोटांनी दांडा हलवून बघितला. आडवा किंचित हलतो, तेलाच्या थराला जागा लागते. आतबाहेर हलता कामा नये. पात्यांच्या कडा घासलेल्या नव्हत्या. एअर फिल्टर मात्र धुळीनं भरलेला. उसाच्या हंगामात हालसिद्धनाथ किंवा हिरण्यकेशी कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्यांमागून जो जातो त्याच्या फिल्टरचं हेच होतं. फिल्टर स्वस्त असतो, त्यातून निसटलेली धूळ पाती झिजवते ते महागात पडतं. पाइपात तेलाचा पुसट ओलावा होता. सर घाबरले, पण तेवढा ओलावा चालतो, थारोळं असेल तर नाही.

खरी परीक्षा तवंदी घाटात. निपाणीतून संकेश्वरकडं निघालं की स्तवनिधीजवळ चढ लागतो, आणि सपाट रस्त्यावर लपलेली अशक्त गाडी तिथं उघडी पडते. शेजारी गाडीचा मालक, मागे सर आणि मी. मेस्त्रींनी तिसरा गिअर टाकला, आकडा दीड हजारावर येऊ दिला आणि पाय दाबला. दोन हजाराच्या आसपास पाठीला धक्का जाणवायला हवा. जाणवला, पण अर्धवट. जोडीला फुसफुस आणि आरशात काळा धूर. निळा धूर असता तर इंजिन तेल जाळतंय असं समजायचं, आणि ते टर्बोच्या सीलमधून की पिस्टनच्या रिंगांमधून, हे शोधत बसावं लागलं असतं. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. हवा कुठंतरी गळत होती.

वर पोचून गाडी बाजूला घेतली, तेव्हा मेस्त्री मुद्दाम म्हणाले, "दादा, करा बंद." मालकानं शेजारून लगेच चावी फिरवली. मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. चढाच्या भाराखाली टर्बो अतिशय तापलेला असतो. त्याच क्षणी इंजिन बंद केलं तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि बुशात अडकलेल्या तेलाचा करपून कोळसा होतो. मिनिटभर इंजिन आयडलवर ठेवायला पैसे पडत नाहीत. मला ही तपासणी सगळ्यांत आवडली, कारण तीत गाडी नाही, माणूस तपासला जातो.

स्कॅनर लावला तर पी ०२९९ हा कोड निघाला: दाब कमी. पुष्कळ गॅरेजवाले एवढ्यावर टर्बो बदलायला सांगतात. मेस्त्रींनी इंटरकूलरच्या रबरी पाइपाशी हात घातला; पूर्वीच्या कुठल्याशा दुरुस्तीत क्लिप तिरकी आवळली होती आणि रबर तिथंच चिरलं होतं. पाइप आणि क्लिप, बास.

परतताना सरांनी टर्बो पेट्रोलचं विचारलं, कारण मुलाला तीच हवी होती. माझं मत इथं मेस्त्रींहून कडक आहे. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा जास्त तापतो, जोरात चालवताना साडेनऊशे अंशांच्या घरात जातो. थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनात शाळा-बाजार-घर अशा छोट्या फेऱ्यांनी पेट्रोल तेलात उतरून ते पातळ होतं. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये तर पट्टाच तेलात बुडून चालतो. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत याच इंजिनाच्या सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या तेलपंपाच्या पट्ट्याचा ताण धरणाऱ्या भागामुळं. त्यांतल्या इकोस्पोर्ट चेन्नईत बनलेल्या होत्या. तेव्हा टर्बो पेट्रोल जरूर घ्यावी, पण प्रत्येक तेलबदलाची तारीख कागदावर असेल तरच. कागदांच्या बाबतीत जुन्या डिझेलला मेस्त्री जी सूट देतात ती मी इथं देणार नाही.

राहिली सीमा. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की गाडी परराज्यातली. बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवीन नोंदणी लागते: कोल्हापूरहून नमुना २८ची एनओसी, चिक्कोडीचा केए २३ क्रमांक, आणि कर्नाटकाचा आजीवन कर नव्यानं. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो मूळ मालकाच्या सहीशिवाय हलत नाही. कागलची गाडी स्वस्त दिसते ती या खर्चाच्या अलीकडे. सरांनी तो आकडा आणि पाइपाचा खर्च वजा करून किंमत सांगितली. मालक दोनदा उठला, दोनदा बसला आणि तयार झाला.

मेस्त्रींनी टोकन द्यायच्या आधीच चिठ्ठी लिहून दिली: आजच तेल, तेलाचा फिल्टर, एअर फिल्टर, टर्बोला तेल नेणारी नळी सोडून साफ करणे, अडीच हजार किलोमीटरला तेल पुन्हा. "पुन्हा कशाला?" सरांनी विचारलं. "आतली घाण पहिल्या तेलात सुटणार," मेस्त्री म्हणाले, "ती दुसऱ्यात बाहेर येऊ दे."