जुन्या मागाची निगा, घरच्या रोजीची हिफाजत

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे आमचा कापडाचा व्यापार आहे. विवेकानंद आश्रमाचा जन्मोत्सव भरतो तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांसाठी लुंगी, टॉवेल, परकराचे कापड, अस्तर असा माल आम्ही दोन महिने अगोदर भरून ठेवतो. यातला बराच माल मालेगावहून येतो. मालेगाव म्हणजे आपल्या शेजारचे वाशिम जिल्ह्यातील नव्हे, नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे मालेगाव.

एका साली उत्सवाच्या तोंडावर गाठी सोडल्या आणि आमचे तोंड उतरले. ताग्याताग्यात ठराविक अंतरावर आडवे पट्टे आणि मधूनमधून तेलाचे डाग. गिऱ्हाईक कापडावरून हात फिरवी आणि काही न बोलता पुढच्या दुकानात जाई. निम्मा माल भाव तोडून काढावा लागला. राग आला होता. पण माणूस वर्षानुवर्षांच्या व्यवहाराचा, म्हणून चिठ्ठी न पाठवता आम्ही स्वतःच मालेगाव गाठले. तेथे जे पाहिले ते आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगाचे आहे, म्हणून लिहीत आहोत.

घर तेच, कारखाना तोच

पुढच्या खोलीत चार लूम, मागे चूल, वर माळ्यावर मुलांचा अभ्यास. घरातल्या बायका कांड्या भरतात, बाप-लेक पाळीपाळीने लूम चालवतात. हे लूम वडिलांनी मुंबईच्या एका गिरणीतून निघालेले जुने विकत घेतले होते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील अनेक मागांची कहाणी अशीच आहे. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये निघाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बसत गेल्या. त्यांनी काढून टाकलेले लूम अशा गावांत आले आणि घराघरांत पुन्हा चालू लागले. ज्याला गिरणीने भंगार म्हटले, त्यावर येथे कुटुंबे जगली.

हे होऊ शकले, कारण साधा लूम उघड्या पुस्तकासारखा असतो. ओतीव लोखंडाचा सांगाडा, वरचा क्रँक शाफ्ट, त्याच्या निम्म्या वेगाने फिरणारा खालचा शाफ्ट, धोटा फेकणारी काठी, फणी आणि कापड गुंडाळणारी चाके. सगळे डोळ्यांना दिसते, हाताला लागते. घरचा माणूस लक्ष देईल तर बिघाड शिकता येतो.

कापड बोलते

म्हाताऱ्या जॉबर चाचांना बोलावले होते. त्यांनी लुमाला हातही लावला नाही. आधी आमचा तागा जमिनीवर पसरला आणि दोन पट्ट्यांमधील अंतर वितीने मोजले. दर वेळी अंतर सारखेच भरले. म्हणाले, "चाकाचा दात गेला." कापड पुढे ओढणारी पाच किंवा सात चाकांची मालिका असते. एखाद्या चाकाचा दात झिजला की त्या जागी कापड कमी-जास्त ओढले जाते आणि बाण्याचे धागे दाट किंवा विरळ बसतात. पट्टे किती अंतराने येतात त्यावरून कोणते चाक ते कळते. मालिका उघडली तेव्हा दात खरोखरच अर्धा उरला होता.

तेलाच्या डागाचेही तसेच निघाले. पिकरच्या दांडीवर घातलेले जादा तेल धोट्याला लागते आणि धोट्यावरून बाण्याच्या धाग्यात उतरते. मुलगा समजत होता की तेल जितके जास्त तितकी निगा चांगली. चाचा म्हणाले, "बेटा, तेल थेंबाने घालायचे. आधी फडक्याने जुने पुसायचे, मग नवे घालायचे."

व्यापाऱ्यांनीही हे शिकून घ्यावे. बाण्याचा धागा तुटूनही लूम थांबत नसेल तर कापडात मोकळी फट दिसते. धागा तुटताच लूम थांबवणारा काटा तपासावा. किनारीजवळ बारीक छिद्रे दिसली तर कापड रुंद ताणून धरणारे टेंपल घासते आहे. ताण्याचे पुष्कळ धागे एकदम तुटले असतील तर धोटा मधेच अडकला होता.

चूक कोणाची?

आम्ही विचारले, दात झिजला हे ध्यानात आले नव्हते काय? बाप गप्प राहिला. मुलगा बोलला, "चाचा, ध्यानात आले होते. पण तुमचा माल वेळेवर द्यायचा होता. लूम दोन दिवस बंद ठेवला असता तर मजुरी बुडाली असती. आणि मागच्या मालाचे पैसे तुमच्याकडेच अडकले होते."

आमच्याकडे जबाब नव्हता. भाव आम्हीच ओढून पाडला होता आणि उधारी आम्हीच लांबवली होती. त्या चाकाच्या झिजेत आमचाही हिस्सा होता.

मुलाचे म्हणणे होते की चारही लूम भंगारात द्यावेत. बापाचे म्हणणे होते की सांगाडा शाबूत आहे तोवर लूम जिवंत आहे. शेवटी हिशेब मांडला. तीन लुमांचे सांगाडे व शाफ्ट चांगले होते, फक्त बुश, चाके आणि पट्टे बदलायचे होते. चौथ्याचा सांगाडा बाजूने तडकलेला होता. ओतीव लोखंडाला साधे वेल्डिंग धरत नाही. तापवून, जाणत्या हाताने पितळी रॉडने सांधावे लागते आणि धक्के खाणाऱ्या जागी त्याचाही भरवसा कमीच. तो चौथा मोडायचा आणि त्याचे सुटे भाग बाकी तिघांना वापरायचे, असे ठरले. दुरुस्तीची रक्कम आम्ही आगाऊ दिली. ती पुढच्या मालातून थोडी थोडी वळती करायची, असा कागद केला.

रोजची निगा

त्या दोन दिवसांत चाचांकडून जे ऐकले ते थोडक्यात देतो.

१) लूम समतल हवा. जमिनीत घट्ट बसवलेला नसेल तर बुश लवकर खातो आणि धोटा बाहेर उडतो. वर्षातून एकदा पाणलेव्हल लावून पाहावे.

२) फणी आणि धोट्याच्या पेटीची मागची बाजू एका रेषेत असावी. ही रेष चुकली की धोटा वाट सोडतो. उडालेला धोटा डोळा घेऊन जातो, म्हणून त्याची जाळी काढून ठेवू नये.

३) पाळी संपली की रुई आणि धूळ झाडावी. मोटारीवर रुई साचली की मोटार तापते आणि आगीचे भय वाढते.

४) तीन फेजपैकी एक गेला तर मोटार जळते. तो धोका ओळखून मोटार बंद करणारे उपकरण आणि अर्थिंग ही खर्चाची नव्हे, बचतीची बाब आहे.

५) पूर्वी पिकर म्हशीच्या कातड्याचे असत, आता नायलॉनचे मिळतात. ते झिजेपर्यंत वाट न पाहता एक जोड घरात ठेवावा.

६) आवाज ऐकावा. खटखट एकसारखी असावी. मधेच जड ठोका आला तर लूम थांबवून पाहावे. मात्र या आवाजाने कान जातात, म्हणून कानात बोळे घालण्याची लाज धरू नये.

७) लूम चालू असताना हात घालू नये आणि लहान मुलांना पट्ट्याजवळ फिरकू देऊ नये. घर आणि कारखाना एकच असल्याने हा धोका दुप्पट आहे.

८) एक वही करावी. कोणता भाग कधी बदलला, किती दिले, कोणाकडून आणला. जॉबर म्हातारे होत आहेत. त्यांचा इल्म वहीत उतरला नाही तर त्यांच्याबरोबर जाईल.

साध्या लुमालाच सुधारणा जोडता येते, हेही ध्यानात असावे. केंद्र सरकारने १ एप्रिल २०१७ रोजी सुरू केलेल्या पॉवरटेक्स योजनेत यासाठी मदत होती: धागा तुटताच लूम थांबवणारी यंत्रणा, चांगला ब्रेक, तेल कमी लागणारे नायलॉनचे भाग. त्या योजनेची मुदत संपली, पण सुधारणेची वाट तीच आहे. हे भाग एकेक करून जोडता येतात.

आमच्या गावातला चक्कीवाला दगडाला वेळेवर टाकी घालतो, म्हणून त्याच्याकडे रांग असते. जो टाळतो त्याचे पीठ जाड येते आणि गिऱ्हाईक तुटते. मागाचेही तेच आहे.

पुढच्या उत्सवाला त्याच घरचा माल आला. पट्टा नाही, डाग नाही. गिऱ्हाइकाने कापडावरून हात फिरवला आणि भाव विचारला. व्यापारी बंधूंना आमचे इतकेच सांगणे आहे की, माल घेताना कापड पाहा आणि कापड पाहताना त्यामागचा लूमही पाहा. कारागिराचे पैसे वेळेवर दिले तर त्याला लूम दोन दिवस थांबवता येतो. हे दोन दिवस वाचवायला गेलो आणि आम्ही अख्खा हंगाम गमावला होता.