बारा किल्ल्यांचा गट कसा चालतो

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि डोंगरात हिंडणाऱ्यांना एक आयता संकल्प मिळाला: ‘बारा पूर्ण करायचे.’ अकरा किल्ले महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. संकल्प एकट्याने सोडता येतो, पण तो तडीस न्यायला सोबत लागते, गाडी लागते, आधी जाऊन आलेल्याची माहिती लागते. म्हणून कुणीतरी व्हॉट्सॲपवर गट काढतं. सुरुवातीला लोक भराभर येतात. काही महिन्यांनी पाहावं तर तिथे ‘शुभ सकाळ’ची फुलं आणि पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांच्या जाहिराती, एवढंच उरलेलं असतं. तरीही काही गट वर्षानुवर्षं चालतात. ते कशावर चालतात, ते या बारा किल्ल्यांच्याच उदाहरणाने पाहू.

आधी संकल्पाचं बघू. ‘यंदा भरपूर फिरायचं’ हा चांगला विचार आहे, पण त्याच्यावर गट उभा राहत नाही. किती फिरलं म्हणजे भरपूर, हे कुणालाच सांगता येत नाही. बारा हा आकडा मात्र मोजता येतो, संपतो आणि कुठपर्यंत आलो ते एका शब्दात कळतं. शिवाय या यादीतले किल्ले एका तोलाचे नाहीत, आणि गटाच्या दृष्टीने हीच तिची खरी खुबी. पन्हाळ्यावर थेट गाडी जाते. रायगडाला रोपवे आहे. विजयदुर्गाच्या दारापर्यंत रस्ता पोचतो. शिवनेरी आणि लोहगड पायऱ्यांनी चढता येतात. राजगडाला मात्र चांगला घाम निघतो, आणि बागलाणातला साल्हेर तर १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. त्यामुळे गुडघे दुखणारे काका आणि इंजिनीअरिंगला असलेली त्यांची पुतणी एकाच गटात एकाच यादीवर खुणा करू शकतात. फक्त त्यांचा क्रम वेगळा असतो. अलंग-मदन-कुलंगसारखा दोर लावून करायचा ट्रेक हे ध्येय ठेवलं तर गट कसलेल्यांचाच होतो. तोही हवा, पण त्याचे नियम निराळे.

या यादीला ऋतूही आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन किल्ले समुद्रात. थळ, हर्णै आणि मालवणहून होडीने जायचं, आणि पावसाळ्यात होड्या बंद. उलट लोहगडाला लोक पावसातच गर्दी करतात. साल्हेर एप्रिल-मेच्या उन्हात करणं म्हणजे जिवाला त्रास. जिंजीला जायचं तर रेल्वेची तिकिटं आधीच काढायला हवीत. म्हणजे वर्षाचं वेळापत्रक यादीतच दडलेलं आहे. ॲडमिनने ते बाहेर काढून सर्वांसमोर ठेवलं की ‘पुढे कुठे?’ हा प्रश्न दर आठवड्याला नव्याने उगवत नाही.

आता ध्येय जाहीर करण्याबद्दल. चारचौघांत बोललं की लाजेकाजेने तरी माणूस ते करतो, असा आपला समज असतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही वेळा याच्या उलट दिसलं. ध्येय माणसाच्या ओळखीशी जोडलेलं असेल आणि दुसऱ्याने त्याची दखल घेतली, तर त्यासाठीचे पुढचे कष्ट कमी झाले. ‘मी बारा किल्ले करणार’ असं लिहिल्यावर खाली पन्नास अंगठे उमटतात, आणि थोडंसं ट्रेकर झाल्याचं समाधान घरबसल्याच मिळून जातं. याच गोल्विट्झरचं १९९९चं काम इथे उपयोगी पडतं: केव्हा, कुठे आणि कसं हे आधीच ठरवलेलं असेल तर गोष्ट पार पडण्याची शक्यता वाढते. म्हणून जाणता ॲडमिन ‘तुमचं ध्येय सांगा’ असं विचारत नाही. तो विचारतो, ‘पुढच्या रविवारी शिवनेरीला कोण येतंय? सकाळी सहाला स्वारगेटहून निघायचं. गाडीत दोन जागा आहेत.’ याला अंगठा दाखवून भागत नाही. हो किंवा नाही म्हणावं लागतं.

निव्वळ ध्येयांची देवाणघेवाण मोठ्या प्रमाणावर करून झालेली आहे. २००५च्या पहिल्या दिवशी अमेरिकेतल्या सिॲटल शहरातून ‘फॉर्टीथ्री थिंग्ज’ नावाची सेवा सुरू झाली. माणसाने त्रेचाळीसपर्यंत इच्छा लिहायच्या, तीच इच्छा असलेले बाकीचे लोक दिसायचे, एकमेकांना उत्तेजन द्यायचं. प्रवासाच्या ठिकाणांसाठी तिचंच भावंड होतं, ‘फॉर्टीथ्री प्लेसेस’. कल्पना सुरेख होती, लोकही जगभरातून आले. दहाएक वर्षांनी ते सगळं बंद पडलं. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेला संसार असा केव्हाही उचलावा लागू शकतो, हे गट काढणाऱ्याने पहिल्या दिवसापासून धरून चालावं. त्याची तजवीज कशी करायची, ते पुढे सांगतोच.

माझ्या मते गटाचा खरा जीव आहे परत आल्यावर लिहिलेल्या नोंदीत. जाण्याआधीचा उत्साह सगळ्यांकडे सारखाच असतो. जाऊन आलेल्याकडे मात्र असं काहीतरी असतं जे दुसऱ्याकडे नाही. ‘राजगड केला, एक नंबर!’ आणि सोबत तेवीस फोटो, ही नोंद नव्हे. ‘गुंजवण्याहून चोर दरवाज्याने चढलो. शेवटचा टप्पा उभा आहे, रेलिंग आहे, पण मुलांना घेऊन जड गेलं. उतरताना पाली दरवाज्याने आलो, तिकडे पायऱ्या रुंद आहेत. लहान मुलं असतील तर चढतानाही तीच वाट घ्या’, ही नोंद. ती वाचून दुसऱ्या कुटुंबाचा रविवार सुधारतो.

नोंदीत काय हवं ते एकदाच ठरवून टाकावं: पायथ्याचं गाव, तिथली शेवटची एसटी, चढायला लागलेला वेळ, वाट कुठे फसवते, पाणी, जेवणाची सोय, खर्च. ढोरवाटा कुठे फुटतात हे लिहिणारा माणूस तर गटाचं धनच. आणि तारीख हवीच. नोव्हेंबरात काठोकाठ भरलेलं टाकं एप्रिलमध्ये तळाला गेलेलं असतं. तारखेशिवाय ‘पाणी भरपूर’ हे वाक्य नुसतं निरुपयोगी नाही, धोक्याचं आहे. मराठीत ही परंपरा इंटरनेटच्या आधीपासून आहे. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ किंवा ‘सांगाती सह्याद्रीचा’ ही पुस्तकं ट्रेकरांच्या सॅकमध्ये असायची, ती स्वतः पायी हिंडून जमवलेल्या अशाच माहितीमुळे. फोनवरच्या गटाने तेच काम अधिक माणसांत वाटून, अधिक ताजं करायचं आहे.

अर्ध्यातून परतलेल्यांनीही लिहावं असा आग्रह धरावा. साल्हेरच्या वाटेवर दुपार झाली, पाणी संपलं, म्हणून माघारी फिरलो, ही नोंद माथ्यावरच्या झेंड्याच्या फोटोपेक्षा अधिक कामाची असते. पण ती तेव्हाच येते, जेव्हा गटात कुणाचे किती झाले याची शर्यत नसते. पुण्या-मुंबईतले लांब पल्ल्याचे सायकलस्वार ‘ब्रेव्हे’ करतात, त्यांची पद्धत इथे उचलण्यासारखी आहे: २०० किलोमीटरला साडेतेरा तास. त्या वेळेत पोचले ते सगळे पूर्ण. पहिला-दुसरा नंबर नाही. आठवड्यात चार किल्ले ‘मारणारा’ गटात एक असला तर गंमत वाटते, पण त्याचा तक्ता लावला की बाकीचे गप्प होतात. (‘मारणे’ हे क्रियापद किल्ल्यांना कुणी लावलं कोण जाणे.)

गप्प राहणाऱ्यांची फार चिंता मात्र करू नये. वेबच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६मध्ये मांडलेला ढोबळ ठोकताळा आजही बराच लागू पडतो: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एखादाच सतत लिहितो. हे नव्वद जण वाचून किल्ल्यावर जात असतील तर गटाचं काम होतंय. जपायचं असतं ते पहिल्यांदा लिहिणाऱ्याला. त्याच्या नोंदीला कुणीच उत्तर दिलं नाही तर तो दुसरी लिहीत नाही. म्हणून चार-पाच जुन्या सभासदांनी आपसांत वाटून घ्यावं: नवी नोंद आली की एखादा खरा प्रश्न विचारायचा. ‘वा, छान’ हे उत्तर नव्हे. ‘होडी किती वाजेपर्यंत मिळते?’ हे उत्तर.

मघाशी म्हटलेली तजवीज ती हीच: गप्पा आणि साठवण वेगवेगळ्या ठेवणे. व्हॉट्सॲपच्या गटात १०२४ माणसं मावतात, पण तिथलं बोलणं वाहून जातं आणि नव्याने आलेल्याला मागचं सहसा दिसत नाही. तेव्हा प्रत्येक नोंद एका सामायिक तक्त्यात उतरवावी, किल्ल्यागणिक एक पान. हे कंटाळवाणं काम करणारा एक माणूस नेमावा आणि त्याचे जाहीर आभार मानावेत. अधूनमधून त्याची प्रत आपल्याकडे उतरवून ठेवावी. उद्या ॲप बदललं तरी माहिती शाबूत राहते.

पैशांचा नियम सोपा: टीटीएमएम, म्हणजे ‘तुझं तू, माझं मी’. गाडी-जेवणाचा हिशेब त्याच रात्री गटात टाकायचा. कुणी नफ्यासाठी ट्रेक नेणार असेल तर त्याने तसं उघड सांगावं आणि जाहिरातीसाठी वेगळा धागा घ्यावा.

सभासदांनी एकमेकांवर टाकलेल्या भरवशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. अनोळखी माणसं असतील तर महिला सभासदांना याचा त्रास होऊ शकतो, तेव्हा नंबर लपवता येणारी सोय निवडलेली बरी. घर बंद करून गेल्याचे फोटो परत आल्यावरच टाकावेत. पहिली भेट एखाद्या सोप्या किल्ल्यावर, दिवसाउजेडी आणि पाच-सहा जणांत व्हावी. डोंगरात अडचण आलीच तर गटात मदत मागत बसू नये. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र आहे, त्याचा नंबर गटाच्या वर्णनात लिहून ठेवावा. सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं तर आपल्यावर येईल या धास्तीने अनेक जण ॲडमिन व्हायला कचरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्पष्ट केलं आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. तरी असा मजकूर दिसताच काढावा, हे वेगळं सांगायला नको.

तुम्हाला असा गट काढायचा असेल तर लिंक वाटण्याची घाई करू नका. आधी ओळखीच्या चौघांनी एक किल्ला करा आणि चौघांनीही नोंदी लिहा. नवा माणूस आत आल्यावर तिथे जे दिसतं, तसंच लिहितो.