होयचे बहुमत

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची एक कपात असते : व्यवसाय कर. फेब्रुवारीत ती तीनशे होते. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, म्हणजे वर्षाला अडीच हजार. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने या कराला घातलेली कमाल मर्यादा नेमकी तेवढीच आहे. भविष्य निर्वाह निधीच्या मोठ्या आकड्याशेजारी ही रक्कम कुणाच्या फारशी नजरेत भरत नाही. पण महाराष्ट्र विधिमंडळाने १९७५ साली हा कर बसवला तो एका विशिष्ट कामासाठी : शहरात पगार घेणाऱ्याच्या खिशातून थोडे काढायचे आणि खेड्यात हाताला काम मागणाऱ्याची मजुरी भागवायची. फुलंब्रीच्या पाझर तलावावर दगड वाहणारी बाई आणि औरंगपुऱ्यातला बँकेचा कारकून यांच्यात विधिमंडळाने असे थेट नाते जोडले.

मुंबई आणि दिल्ली छत्रपती संभाजीनगरपासून लांब आहेत, आणि कायदे होतात ते तिथेच. तरीही या शहराकडे नीट पाहिले, तर कायदेमंडळ काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे इथल्या इतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते. जालना रोडवरचे खंडपीठ, लेण्यांच्या पायथ्याचे विद्यापीठ आणि दुष्काळी तालुक्यांतली रोजगार हमी या तिन्हींच्या मुळाशी सभागृहात उच्चारलेले 'होय' आहे. प्रत्येक वेळी त्या 'होय'चे वजन मात्र वेगळे होते.

आधी माणसे. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य आणि विधान परिषदेत ७८. दुसरे सभागृह असलेली राज्ये देशात मोजकीच, त्यांत आपले एक. जिल्ह्यातून नऊ आमदार निवडून जातात : सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, औरंगाबाद मध्य, पश्चिम, पूर्व, पैठण, गंगापूर आणि वैजापूर. लोकसभेला मात्र हा जिल्हा विभागला जातो. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठणचा मतदार जालन्याचा खासदार निवडतो. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, पण २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका 'औरंगाबाद' नावाच्याच मतदारसंघांत झाल्या. कारण मतदारसंघांची नावे २००८ च्या परिसीमन आदेशात लिहिलेली आहेत आणि शहराच्या नामांतराने तो आदेश आपोआप बदलत नाही.

विधान परिषदेची रचना अनेकांना ठाऊक नसते. तिच्या ७८ जागांपैकी ३० जागा आमदार निवडतात, २२ नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसारखे स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी, सात पदवीधर, सात शिक्षक, आणि १२ जण राज्यपाल नेमतात. त्यामुळे शहरातल्या एखाद्या माध्यमिक शिक्षिकेला, ती पदवीधर असल्याने, लोकसभा आणि विधानसभेखेरीज आणखी दोन मते मिळतात, आणि त्या दोन्ही मतदारसंघांत मराठवाड्याचे आठही जिल्हे येतात. पण ही नावनोंदणी आपोआप होत नाही, अर्ज स्वतः करावा लागतो. हजारो पदवीधर तो करत नाहीत आणि आपला एक आमदार न निवडताच राहतात.

आता काम. विधेयकाचा पहिला प्रवास मंत्रालयात होतो. खाते मसुदा करते, विधि व न्याय विभाग त्यातला शब्द न् शब्द तपासतो, मंत्रिमंडळ मान्यता देते. मग ते सभागृहात पुरःस्थापित होते. छापील प्रतीच्या शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असते. हा कायदा का हवा, हे सरकारला तिथे साध्या भाषेत सांगावे लागते. कोणतेही विधेयक वाचायला बसणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.

यानंतर विधेयक विचारात घेण्याचा प्रस्ताव येतो. सर्वसाधारण चर्चा होते आणि मग खंडशः विचार. एकेक खंड घेतला जातो, सदस्याने सुधारणा दिली असेल तर ती आधी मताला जाते, मग खंड. गंमत म्हणजे पहिला खंड, ज्यात कायद्याचे संक्षिप्त नाव असते, तो शेवटी घेतात. आतले सगळे ठरल्यावर नाव. प्रत्येक टप्प्याला पीठासीन अधिकारी तीच वाक्ये म्हणतात : अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. आवाज उठतो. 'होयचे बहुमत' असे दोनदा ऐकू येते आणि खंड विधेयकाचा भाग झालेला असतो. कुणी हरकत घेऊन मतविभाजन मागितले, तरच प्रत्येकाचे मत मोजले जाते आणि नोंदले जाते. त्यामुळे आवाजी मतदानाने संमत झालेल्या कायद्यावर आपल्या आमदाराने नेमके काय म्हटले, हे मतदाराला पुष्कळदा कळतच नाही.

एका सभागृहातून विधेयक दुसऱ्यात जाते. राज्यात दोन्ही सभागृहांचे भांडण झाले तर विधानसभाच जिंकते. परिषद विधेयक तीन महिने अडवू शकते, विधानसभेने ते पुन्हा संमत केले तर आणखी एक महिना. पैशाच्या विधेयकाला तर जेमतेम चौदा दिवस. संसदेत वेगळे. तिथे वाद मिटला नाही तर संयुक्त बैठक घेता येते, आणि आजवर ती तीनदाच घेतली गेली : १९६१ मध्ये हुंडाबंदीसाठी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि २००२ मध्ये 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्यासाठी. शेवटी राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती. ती औपचारिकता समजू नये. महिलांवरील अत्याचारांबाबतचे महाराष्ट्राचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालेच नाही.

या यंत्रणेतून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचारले तर उत्तर रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळाची आठवण मराठवाड्यातल्या घराघरांत आहे : खडी फोडणारे हात, मिलोची लाल भाकरी, कामावर वाटलेली सुखडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते. त्या आसनावर ते १९६० पासून १९७८ पर्यंत बसले. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात लहान प्रमाणावर करून पाहण्यास लावली आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात ती राज्याची योजना झाली.

योजना मात्र शासन निर्णयाने येते आणि शासन निर्णयानेच जाते. म्हणून १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे नगण्य. तरीही त्या एका रुपयाने मजुराचा दर्जा बदलला. कालपर्यंत तो तहसील कार्यालयात विनवणी करत होता, आता तो कायद्याचा आधार घेऊन हक्क मागू शकत होता.

पुढे दिल्ली. डिसेंबर २००४ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयक लोकसभेत आले तेव्हा ते फक्त 'गरीब कुटुंबां'पुरते होते. सरकारने ते घाईने रेटले नाही, ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे पाठवले. समितीसमोर साक्षी झाल्या, देशभरातल्या मजूर संघटनांनी बाजू मांडली, महाराष्ट्राचा पाव शतकाचा अनुभव हाताशी होता. ऑगस्ट २००५ मध्ये दोन्ही सभागृहांनी जे संमत केले त्यात 'गरीब' ही अट उरली नव्हती. ग्रामीण भागातल्या कोणत्याही कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस काम मागता येणार होते. २ फेब्रुवारी २००६ ला कायदा पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला. त्यांत महाराष्ट्राचे बारा होते आणि औरंगाबाद त्यांतला एक. विधेयक मांडल्यापासून संमत होईपर्यंत आठ महिने गेले, आणि त्या आठ महिन्यांनी कायद्यात कोट्यवधी माणसे आणली. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच कायद्याच्या जागी १२५ दिवसांची हमी देणारा नवा कायदा संसदेने केला, तेव्हा विधेयक मांडण्यापासून मंजुरीपर्यंत आठवडाही लागला नाही. नवा कायदा चांगला की वाईट, यावर मतभेद असतील. पण समितीत न जाता तो झाला, हे वाईट झाले. ज्यांच्या हातात कुदळ आहे त्यांचे म्हणणे ऐकायला आठवडा पुरत नाही.

विद्यापीठाची कहाणी याहून कठोर आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने संमत केला. सभागृहात विरोधाचा सूर नव्हता. बाहेर मात्र मराठवाडा पेटला, दलित वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. सरकार मागे हटले. ठराव म्हणजे सभागृहाची इच्छा. विद्यापीठाचे नाव असते कायद्यात, आणि तिथे बदल झाला नाही तोवर ती इच्छा कागदावरच राहते. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले, आणि १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव प्रत्यक्षात आले. एकमताने दिलेला शब्द पाळायला साडेपंधरा वर्षे लागली आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली ते सभागृहात बसलेले नव्हते. ठरावांच्या बातमीवर गुलाल उधळण्याआधी मराठवाड्याने हे आठवावे.

खंडपीठाचे उलटे झाले. तिथे कायदा आधीच तयार होता, वापरणारे कुणी नव्हते. संसदेच्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमात ५१ व्या कलमाचे तिसरे पोटकलम आहे : राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्ती उच्च न्यायालयाचे न्यायाधीश दुसऱ्या ठिकाणी बसवू शकतात. मराठवाड्यासाठी पंचवीस वर्षे ते पोटकलम पुस्तकात पडून होते. हैदराबाद राज्यातून आलेल्या मराठवाड्याचे पक्षकार मुंबईच्या खेपा घालत राहिले. वकिलांनी मागणी लावून धरली आणि २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला न्यायाधीश बसले. त्यालाही आव्हान मिळाले, सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले, आणि १९८४ मध्ये कायम खंडपीठ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले ते याच पोटकलमाच्या आधारे. संसदेने सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेली एक ओळ अजून माणसांची खेप वाचवते आहे.

या तिन्ही कहाण्यांत सभागृहातला 'होय' हा एक क्षण आहे. खरे काम त्याच्या आधी आणि नंतर झाले. आधीच्या कामाची जागा म्हणजे समिती. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडल्यावर चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले आणि लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. कायद्याचा रोख कुणावर, हे सांगणारे शब्द समितीने बदलून अधिक नेमके केले. जुलै २०२५ मध्ये आवाजी मतदानाने ते संमत झाले, तेव्हा विधानसभेत डहाणूचे विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. बाहेरची टीका आजही थांबलेली नाही. पण बारा हजार पत्रे आली म्हणूनच त्या शब्दांवर फेरविचार करावा लागला, हेही खरे. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या दोन दिवसांत विधेयकांची रांग. या घाईत समितीचा टप्पा गाळला जातो तेव्हा नागरिकाची एकमेव खिडकी बंद होते.

ती खिडकी उघडी असेल तेव्हा वापरायला हवी. विधेयक संयुक्त समितीकडे गेले की विधानमंडळ सचिवालय वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सूचना मागवते. त्या मराठीत, साध्या कागदावर, कुणालाही पाठवता येतात. दोन्ही सभागृहांच्या विनंती अर्ज समित्या आहेत आणि आमदारामार्फत आलेल्या नागरिकाच्या अर्जावर त्या संबंधित खात्याच्या सचिवाला समोर बसवून साक्ष घेऊ शकतात. पैठण, कन्नड किंवा क्रांती चौकातल्या वाचकाने आपल्या आमदाराला निवेदन देताना एवढे नक्की विचारावे : हा विषय तुम्ही तारांकित प्रश्नात मांडणार, लक्षवेधीत, की विनंती अर्ज समितीत? आणि अधिवेशन संपले की उत्तर काय आले ते लेखी मागावे.