भिंगाची निवड आणि निगा

छायाचित्रणाचा छंद जडला की माणूस प्रथम कॅमेऱ्याची चौकशी करतो आणि भिंगाची मागाहून. वस्तुतः क्रम उलटा हवा. कॅमेरे लवकर जुने होतात. चांगले भिंग नीट राखले तर पुढची पिढीही वापरते.

निवड करताना ‘कोणते भिंग उत्तम?’ असे न विचारता ‘आपल्याला काय टिपायचे आहे?’ असे विचारावे. कासच्या पठारावर सीतेच्या आसवांचे फूल नखाएवढे असते. त्यासाठी जवळचे टिपणारे, शंभर मिलिमीटरांच्या आसपासचे मॅक्रो भिंग घ्यावे. म्हणजे थोडे दूर राहूनही फूल मोठे दिसते आणि शेजारची झाडे तुडवली जात नाहीत. मायणीच्या तलावावरील पक्ष्यांना तीनशे-चारशे मिलिमीटरांचे भिंग लागते. घरच्या मंडळींच्या चित्रांना पन्नासचे साधे भिंग पुरते. भिंगावरील दुसरा आकडा त्याच्या तोंडाचा. तो जितका लहान, तितका प्रकाश अधिक. दोनवरून चारवर गेलो की प्रकाश चौथाई होतो. अंधाऱ्या मंदिरात चित्रे घ्यायची असतील तर हा आकडा आधी पाहावा.

आता निगा. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर जत-आटपाडीकडे त्याचा दहावा हिस्साही मुश्किलीने. पश्चिमेस भिंगाचा वैरी दमटपणा, पूर्वेस धूळ.

दमटपणाचा धडा आम्ही किंमत देऊन शिकलो. एका पावसाळ्यात कासहून परतल्यावर आमचे आवडते भिंग आम्ही पुसून, चामड्याच्या पेटीत घालून कपाटात जपून ठेवले. दिवाळीत काढले तो आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! कारागिराने ती काढली, पण काचेवरील लेप तिने खाल्ला होता. तो परत आला नाही. सूर्यासमोर ते भिंग आता धुरकट चित्र देते. चूक आमच्या प्रेमाचीच होती. चामडे ओल धरते, बंद कपाटात हवा खेळत नाही, आणि अंधार बुरशीला मानवतो.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहू द्यावा. साठांवर गेला की पुड्या बदलाव्यात. डब्यात तांदूळ घालू नये, त्याचे पीठ सांध्यांत शिरते. गार खोलीतून दमट हवेत जाताना भिंग पिशवीतच थोडा वेळ राहू द्यावे, नाहीतर काचेवर दव धरते.

धुळीबाबत एकच नियम: आधी हवेच्या रबरी फुग्याने फुंकावे, मग मऊ कुंचला, आणि अगदी शेवटी कापड. कोरडी धूळ धोतराच्या सोग्याने वा पदराने पुसणे म्हणजे काचेवर वाळू घासणे होय. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे कण उडतात.

आणि सर्वांत मोठी निगा म्हणजे वापर. मिरजेचा तंबोरा गवसणीत नुसता ठेवून सुरात राहत नाही; भिंगाचेही तसेच आहे. पावसाळ्यातही पंधरवड्यातून एकदा ते उजेडात काढावे, उजेडासमोर धरून आत पाहावे आणि चार चित्रे घ्यावीत. जपणे म्हणजे कुलूपबंद करणे नव्हे, एवढे ध्यानात राहिले तरी आमचे बिघडलेले भिंग सत्कारणी लागले असे आम्ही समजू.