काळ्या मातीवरची स्वारी

नागपूर-हैदराबाद महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत यवतमाळ जिल्ह्यातून जातो. त्या डांबरावर गाडीच्या पाट्यांचं आणि शॉकॲब्सॉर्बरचं काम पाठीला जाणवतही नाही. खरी परीक्षा गाडी पांदणीला लागल्यावर सुरू होते. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगा आणि वाळून दगड झालेल्या चाकोऱ्या, पावसाळ्यात तीच माती टायरला थरावर थर चिकटलेली. अभियांत्रिकीची मुलं एटीव्ही, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी रुंद टायरची हलकी गाडी बनवतात, तिचा आराम आणि ताबा याच जमिनीवर ठरायला हवा.

आपल्या बंडीला स्प्रिंग नव्हतीच. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि धक्का सरळ माणसाच्या माकडहाडाला. म्हणून बंडीत कुटार पसरून त्यावर गोधडी टाकत, आणि पाहुण्यांसाठी हलकी दमणी किंवा रेंगी जुंपत. बैलाची चाल तासाला तीन-चार किलोमीटरची, त्यामुळे हे निभावलं. बैलाचं मात्र निभावत नव्हतं. बंगळूरच्या आयआयएमचे संचालक राहिलेले प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला, त्यामागे जुवाखाली सोलवटणाऱ्या मानांची कळकळ होती. पुढे ट्रॅक्टर आला, वेग वाढला. पण बहुतेक शेती ट्रॅक्टरांच्या मागच्या धुऱ्याला आजही स्प्रिंग नसते. टायरातली हवा आणि सीटखालची व्यवस्था एवढाच काय तो आधार.

बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण 4 ते 8 उभ्या हेलकाव्यांना सर्वांत जास्त साथ देतो, म्हणजेच सर्वांत जास्त त्रास सोसतो. आयएसओ 2631 हे मानक अंगावर येणारी कंपनं मोजताना याच पट्ट्याला जास्त वजन देतं. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामात कंपनाची सरासरी 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडली, की मालकाला उपाय करावे लागतात, 1.15 च्या पुढे कामगाराला ठेवताच येत नाही.

आता हे आकडे आपल्या वावरात आणून पाहू. पऱ्हाटीचे तास तीन फुटांवर, म्हणजे सुमारे 90 सेंटिमीटरवर असतील आणि पीक निघाल्यावर त्यांवरून आडवी गाडी ताशी 18 किलोमीटरने नेली, तर सेकंदाला साडेपाच धक्के बसतात. नेमके कण्याला नको असलेले. मग वेग कमी करावा, असं कोणीही म्हणेल. ताशी साडेसहावर आणला तर धक्के दोनावर येतात; पण गाडीची स्वतःची उसळीही सेकंदाला दोनच्या आसपास असेल, तर ती झोपाळ्यासारखी वाढत जाते. सोयाबीनचे तास 45 सेंटिमीटरवर असतील तर 18 च्या वेगाला सेकंदाला अकरा धक्के होतात. हा आकडा बऱ्याच गाड्यांत चाकाच्या स्वतःच्या उसळीजवळ येतो. तसं झालं की चाक जमिनीला धरून राहत नाही आणि स्टिअरिंग हलकं पडतं. आराम आणि ताबा इथे एकमेकांत गुंतलेले आहेत. चाकांना चिकटलेला चिखल हे गणित आणखी बिघडवतो, कारण ते वजन स्प्रिंगच्या खालचं असतं.

गाडीची स्वतःची उसळी ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. जॅकने गाडी उचलून चाकं मोकळी लोंबू द्यावीत आणि आस ते मडगार्ड अंतर टेपने मोजावं. मग गाडी खाली सोडून, चालक बसवून, दोन-चार पावलं पुढे-मागे ढकलून पुन्हा मोजावं. दोन्हींतला फरक म्हणजे बसक. लोंबलेल्या चाकावर स्प्रिंग जेमतेम सैल असेल आणि सगळीकडे सारखीच कडक असेल, तर 6 सेंटिमीटर बसकेला उसळी सेकंदाला दोन, 11 ला दीड, 25 ला एक. मुलं स्प्रिंग कडक करत जातात ती गाडीचं पोट जमिनीला लागू नये म्हणून. माझ्या मते तिथेच आराम जातो. चाकाची चाल वाढवावी, शेवटच्या टप्प्याला रबराचा बंपस्टॉप द्यावा आणि स्प्रिंग नरम ठेवावी. 1930 च्या दशकात कॅडिलॅकमध्ये मॉरिस ऑली यांनी दाखवलं, की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा नरम ठेवली तर गाडी डुलत नाही, कारण धक्का पुढच्या चाकाला आधी बसतो आणि मागच्याला तो मधला उशीर भरून काढायचा असतो. हे त्यांनी रस्त्यावरच्या मोटारींसाठी सांगितलं. वावरात ते तपासूनच घ्यावं.

निव्वळ मऊपणावर भागत नाही, हे जगाने महागात शिकलं. 1970 मध्ये होंडाची तीनचाकी आली तेव्हा तिला सस्पेन्शन नव्हतं, सगळा भार फुगीर टायरांवर. पुढे अशा गाड्यांच्या उलटण्याने इतके अपघात झाले, की 1988 मध्ये अमेरिकेत न्यायालयीन तडजोडीने नव्या तीनचाकींची विक्री थांबली. चार चाकांनाही उलटण्याचा धोका आहेच. चाकांमधलं अंतर 90 आणि गुरुत्वमध्य 60 सेंटिमीटरवर असेल, तर कागदोपत्री गाडी सुमारे 37 अंशांच्या उतारावर उलटते. फवारणीची टाकी उंच बसवून तोच मध्य 70 वर नेला, तर 33 वर. टाकी अर्धी असेल तर हिंदकळणारं पाणी त्याहूनही आधी घात करतं.

अभियांत्रिकीची मुलं स्वतः बनवलेल्या अशा गाड्या जिथे पळवतात, ती बाजा स्पर्धा 1976 मध्ये अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली आणि 2007 पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला भारतातही होऊ लागली. तिथे सर्व संघांना एकाच प्रकारचं इंजिन वापरावं लागे, म्हणून शेवटच्या चार तासांच्या शर्यतीत सस्पेन्शन आणि चालकाची पाठ यांचाच कस लागे. यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना माझी विनंती आहे: कॅम्पसच्या सिमेंट रस्त्यावर गाडी गोल फिरवून समाधान मानू नका. वेचणी संपलेलं एखादं वावर मालकाला विचारून घ्या, टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत कमी-जास्त करून पाहा, सीटवर कंपनमापक लावा, तेही रिकाम्या आणि भरल्या टाकीने. आणि मिळालेले आकडे ट्रॅक्टरवर दिवसभर बसणाऱ्यांना दाखवा. त्यांच्या सीटला ते आधी लागतील.