मनाची घडण (लेखांक ९) : घटना, समज आणि मनस्ताप

एकाच आघाताने दोन माणसे सारखी कोलमडत नाहीत. नोकरी गेली की एक जण काही दिवस खंतावतो आणि पुन्हा अर्ज पाठवू लागतो. दुसरा महिनोन् महिने कुणाला तोंड दाखवत नाही. कर्ज, वय, घरची जबाबदारी यांमुळे हा फरक काही अंशी समजतो. पण परिस्थिती जवळजवळ सारखी असतानाही तो उरतो, आणि त्या उरलेल्या फरकाचा शोध घेताना मानसोपचाराची एक महत्त्वाची शाखा उभी राहिली. घटना आणि भावना यांच्यामध्ये माणसाची समजूत उभी असते, ही समजूत हट्टी व अवास्तव असेल तर दुःखाचा विकार होतो, आणि समजूत बदलता येते, हे त्या शाखेचे मूळ प्रतिपादन आहे.

ही शाखा म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती. एलिस यांचा जन्म १९१३ मध्ये पिट्सबर्गचा, आयुष्य न्यूयॉर्कमध्ये गेले. कोलंबिया विद्यापीठातून १९४७ मध्ये त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि सुरुवातीला मनोविश्लेषणाचाच मार्ग धरला. रुग्णाला बालपणातल्या घटनांची उकल होते, तरी त्याची भीती जागची हलत नाही, हे त्यांना वारंवार दिसले. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचे विचार त्यांनी तरुणपणीच वाचले होते. मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नाय यांनी माणसाच्या मनातल्या ‘असे असायलाच हवे’च्या जुलमाबद्दल लिहिले होते. या दोन्हींचा धागा पकडून एलिस यांनी १९५५ मध्ये आपली पद्धती मांडायला सुरुवात केली. प्रारंभी तिच्या नावात केवळ विवेक होता. १९६१ मध्ये भावना आणि १९९३ मध्ये वर्तन हे शब्द त्यात आले. विचार, भावना आणि कृती एकमेकींत गुंतलेल्या असतात, ही भूमिका त्यांनी पहिल्यापासूनच घेतली होती.

पद्धतीचा गाभा एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, सांगलीचा एक अभियंता बेंगळूरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत काम करतो. वार्षिक अप्रेझलमध्ये त्याला अपेक्षेपेक्षा खालची श्रेणी मिळते. त्या दिवसापासून त्याची झोप उडते, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, सांगलीहून आईचा फोन आला की तो उचलत नाही. विचारले तर सांगतो, ‘अप्रेझलने माझी वाट लागली.’ एलिस यांच्या मांडणीत अप्रेझल ही केवळ ठिणगी. मधल्या पायरीवर काही वाक्ये मनात घोळत असतात : मला चांगली श्रेणी मिळायलाच हवी होती, ती मिळाली नाही हे भयंकर आहे, घरच्यांना कळले तर मला ते सोसवणार नाही, म्हणजे मी कुचकामीच आहे. झोप उडणे, फोन टाळणे हा या वाक्यांचा परिणाम.

चांगली श्रेणी मिळावी, ही इच्छा अगदी योग्य आहे. बिघाड होतो तो इच्छेची मागणी बनते तेव्हा. एलिस यांनी सुरुवातीला अशा अविवेकी समजांची लांबलचक यादी केली होती. पुढे त्यांच्या लक्षात आले की त्या साऱ्यांच्या मुळाशी तीनच हट्ट आहेत. मी यशस्वी झालेच पाहिजे आणि सगळ्यांची मान्यता मला मिळालीच पाहिजे, हा पहिला. त्यातून न्यूनगंड आणि चिंता येते. इतरांनी माझ्याशी नीटच वागले पाहिजे, हा दुसरा. त्यातून संताप आणि सूडभावना. जग माझ्यासाठी सोपेच असले पाहिजे, हा तिसरा. त्यातून चालढकल, स्वतःची कीव आणि व्यसने. प्रत्येक हट्टाला तीन फांद्या फुटतात. गैरसोय ‘भयंकर’ वाटू लागते, अवघड गोष्ट ‘असह्य’ ठरते, आणि एका कृतीवरून सबंध माणसावर शिक्का बसतो. यातली तिसरी फांदी सर्वांत घातक म्हणावी लागेल. श्रेणी खाली गेली, हे एका वर्षाच्या कामाबद्दलचे विधान आहे. ‘मी कुचकामी’ हे पूर्ण आयुष्याबद्दलचे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग नाही, आणि तरी हजारो माणसे हे अनुमान रोज काढतात.

या पद्धतीबद्दल एक गैरसमज महाराष्ट्रात आणि बाहेरही फार पसरला आहे : ती माणसाला ‘सकारात्मक विचार’ शिकवते, सारे छान चालले आहे असे म्हणायला लावते. वस्तुतः वाईट घटनेचे वाईट वाटणे ती निरोगी मानते. दुःख आणि विषाद, काळजी आणि चिंता, नाराजी आणि संताप, पश्चात्ताप आणि अपराधगंड अशा जोड्या ती वेगळ्या करते. जोडीतली पहिली भावना त्रासदायक असली तरी माणसाला हालचाल करायला लावते. दुसरी त्याला जखडून ठेवते. आपल्या अभियंत्याने अप्रेझलवर खूश व्हावे, असे कुणी सुचवत नाही. त्याने नाराज व्हावे, आणि नाराज राहूनही फोन उचलावा, इतकेच उद्दिष्ट असते.

उपचारात सर्वाधिक वेळ समजांना आव्हान देण्यात जातो. ते तीन अंगांनी दिले जाते : समज वस्तुस्थितीला धरून आहे का, तर्काला धरून आहे का, आणि उपयोगाचा आहे का. प्रत्यक्ष सत्रात हे संभाषण साधारण असे चालते.

‘श्रेणी चांगली मिळायलाच हवी होती, असं तुम्ही म्हणता. हा नियम कुठे लिहिलाय?’

‘नियम नाही, पण मी वर्षभर राबलो.’

‘राबलात म्हणून मिळावी असं वाटणं अगदी रास्त आहे. पण राबणाऱ्या प्रत्येकाला मिळतेच, असं कंपनीत दिसतं का?’

‘नाही. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्यालाही नाही मिळाली.’

‘मग तोही कुचकामी?’

‘छे! तो तर आमच्यातला सगळ्यात हुशार.’

‘मग तुमच्यासाठी वेगळा न्याय का?’

या शेवटच्या प्रश्नाशी माणूस बहुधा थांबतो. दुसऱ्याला लावतो ती फूटपट्टी तो स्वतःला लावत नाही, हे त्याला स्वतःच्याच तोंडून ऐकू येते. त्यानंतर पर्यायी समज घडवला जातो : चांगली श्रेणी मला मनापासून हवी होती, पण ती मिळालीच पाहिजे असा जगाचा कायदा नाही, मिळाली नाही हे वाईट झाले, भयंकर नव्हे, मला ते आवडणार नाही, पण सोसवेल, माझे काही काम कमी पडले असेल, तरी माझी किंमत त्यावर ठरत नाही.

हे वाक्य पाठ करून भागत नाही. बुद्धीला पटलेला समज भावनेत उतरायला कृतीची जोड लागते, म्हणून एलिस गृहपाठावर कमालीचा भर देत. त्याचा धडा त्यांनी स्वतःवर गिरवला होता. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती वाटे. ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या शंभरेक स्त्रियांशी त्यांनी स्वतःहून बोलणे काढले. एकीनेच भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. नकार मात्र भरपूर मिळाले, आणि त्यांतला एकही जिवावर बेतला नाही, हे त्यांनी अनुभवले. लाजेवर मात करण्याचे त्यांचे प्रसिद्ध व्यायाम इथूनच आले. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पुढच्या स्थानकाचे नाव मोठ्याने पुकारायला ते सांगत. बेंगळूरूत हाच गृहपाठ नम्म मेट्रोच्या डब्यात करता येईल : एम. जी. रोड जवळ आले की खणखणीत आवाजात तसे सांगायचे, चार माणसे वळून बघतात ते बघू द्यायचे आणि आपल्या मनात काय होते त्याकडे लक्ष ठेवायचे. कृती निरुपद्रवी हवी, ही अट असतेच. ‘लोक काय म्हणतील’ या धाकात वाढलेल्या मध्यमवर्गीय मराठी माणसाला यापेक्षा थेट औषध क्वचितच सापडेल.

मराठीत ही विचारसरणी रुजवण्याचे मोठे श्रेय मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांना जाते. एलिस यांच्याशी त्यांचा तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार होता आणि त्यांनी भारतात अनेकांना या पद्धतीचे शिक्षण दिले. डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी आणि ठाण्यात १९९० मध्ये ‘आयपीएच’ ही संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांचे ‘स्वभाव-विभाव’ यांमुळे ती सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. आगरकरांपासून विवेकवादाची परंपरा असलेल्या समाजात तिला वाचक मिळाले, यात नवल नाही.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. ‘त्रास घटनेने होत नाही, समजाने होतो’ हे अर्धवट ऐकलेले वाक्य जाच करणाऱ्याच्या हाती पडले तर ते हत्यार होते. रात्री अकराला काम सोपवणारा वरिष्ठ किंवा घरात मारहाण करणारा नवरा यांच्याबाबतीत ‘तुमचा दृष्टिकोन बदला’ हा सल्ला म्हणजे अन्याय आहे. एलिस यांच्या पद्धतीत भावनिक गुंता सोडवतात तो प्रत्यक्ष प्रश्नावर नीट लढता यावे म्हणून. संतापाने थरथरणारा माणूस तक्रार धड लिहू शकत नाही. ठाम नाराजी असलेला लिहितो.

परिणामकारकतेचा पुरावाही आहे. रोमानियात तीव्र नैराश्याच्या १७० रुग्णांवर झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उल्लेखनीय आहे. त्यात एलिस यांची पद्धती, ॲरन बेक यांची बोधात्मक उपचारपद्धती आणि फ्लुओक्सेटिन हे औषध यांची तुलना होती. १४ आठवड्यांच्या उपचारांनंतर तिन्ही गटांच्या परिणामांत एकमेकांच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. बेक यांनी १९६० च्या दशकात आपली पद्धती स्वतंत्रपणे विकसित केली. ते रुग्णासोबत पुरावा तपासत जात, एलिस थेट हट्टावर बोट ठेवत. आज या दोन्ही प्रवाहांतून आलेली बोधात्मक-वर्तन उपचारपद्धती मानसोपचारात सर्वत्र वापरली जाते.

तिचे प्रशिक्षण देणाऱ्या भारतातल्या प्रमुख संस्थांत बेंगळूरूच्या होसूर रोडवरची निम्हान्स येते. १९५४ ची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि जुने सरकारी मनोरुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये ती उभी राहिली. तिनेच केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते.

स्किझोफ्रेनिया, उन्माद किंवा आत्महत्येच्या विचारांपर्यंत गेलेले नैराश्य यांत केवळ समजांवरचा वादसंवाद पुरत नाही. तिथे मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे आधी लागतात. समुपदेशकाकडे जाताना त्याचे शिक्षण विचारावे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते. तिचे शिखर केंद्र निम्हान्स आहे, आणि बेंगळूरूत राहणाऱ्या मराठी माणसालाही तिथे मराठीतून बोलता येते.